समेच्या आधीची दाद

१

कालिंदीचे कान ही इंगळीकरांच्या घरातली कायमची कटकट होती. दूध उतू जायच्या आधी पातेल्याच्या तळाशी जी बारीक सळसळ होते, ती तिला मधल्या खोलीत बसून ऐकू यायची. त्यामुळं लग्नाला अठरा वर्षं झाली तरी त्या घरात एकदाही दूध उतू गेलं नव्हतं. एवढा एक फायदा सोडला तर बाकी नुसता ताप. गल्लीत कल्हईवाला येऊन बसला की हिच्या दाढा शिवशिवत. शेजारी कुणी तवा खरवडायला घेतला की ही कानांवर हात ठेवून परसात पळे. लग्नाच्या वरातीत वाजंत्र्यानं कानाशी ताशा बडवला तेव्हा नवरी चक्कर येऊन पडली होती, आणि सासूबाईंनी पोरीला फिट येते की काय म्हणून पंधरा दिवस तिच्यावर डोळा ठेवला होता. आता अशा बाईनं कुणाच्या घरात पडावं? तर गवयाच्या! देवालासुद्धा कधीकधी थट्टा करायची हुक्की येते.

अण्णा इंगळीकरांचं घर राजारामपुरीत, सातव्या गल्लीत. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागं परस, बस्स. रोज दुपारी तीनला अण्णा बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून तंबोरा जुळवत आणि गायला बसत. कालिंदीला ते गाणं नुसतं ऐकू येत नसे. ते अंगात शिरे. खालचा सूर लागला की तो पोटात, भूक लागते त्या जागी जाऊन बसायचा. वरचा षड्ज लागला की टाळूतून सुई गेल्यासारखं व्हायचं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुरे, पुरे, असं वाटायचं. आणि थांबलं की जीव कासावीस.

"तुला गाणं आवडतं की नाही, ते एकदा सांगून तरी टाक," अण्णा म्हणायचे.

"ठेचा खाताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून काय ठेचा टाकता?" ती विचारायची.

अण्णांनी मात्र त्या कानांचा उपयोग करून घेतला होता. कालिंदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पितळी ताट घेऊन तांदूळ निवडत बसे. तंबोऱ्याची एखादी तार केसभर उतरली, की ती नखानं ताटावर एक टिचकी मारी. मान वर करायची नाही, बोलायचं नाही. गुरुवारी तबल्याला पेठ वडगावचा आकाराम यायचा, तो हसून म्हणायचा, "वैनींचं ताट वाजलं अण्णा, चढवा तार." अण्णा तार चढवत. अठरा वर्षांत ताट एकदाही चुकीचं वाजलं नव्हतं.

२

गुरुवारी येणारे दुसरे म्हणजे हंबीरराव इंगवले. जुन्या दरबारातले मानकरी, सत्तरी उलटलेले; घरात सगळे त्यांना सरकार म्हणत. संस्थान विलीन होऊन दोन वर्षं झाली होती आणि दरबाराबरोबर गवयांचे दिवसही गेले होते. शिकवणीला येणाऱ्या मुलींचे वडील म्हणत, "मास्तर, सिनेमातलं एखादं बसवा की." अण्णा बसवत. पोटासाठी माणूस काय काय बसवतो! पण गुरुवारी तीनला हंबीररावांचा टांगा दारात थांबला की अण्णांची मान पुन्हा ताठ व्हायची.

हंबीररावांची जागा ठरलेली होती, खोलीतल्या एकुलत्या एका लाकडी खांबाशी. 'वाहवा', 'क्या बात है' असला गलका त्यांनी जन्मात केला नाही. अण्णांची ओळ फिरत फिरत समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, नेमकी येऊन बसली की ते हळूच श्वास आत ओढत म्हणायचे, "आहा." गरम चहाचा पहिला घोट घ्यावा तसं. आणि त्याचबरोबर उजव्या हातातली अंगठी काठीच्या चांदीच्या मुठीवर एकदा वाजायची. टक्. संधिवातानं ते पेर इतकं सुजलं होतं, की अंगठी निघतच नसे. "ही आता माझ्याबरोबरच जाणार," असं ते स्वतःच म्हणायचे.

आहा, टक्. आहा, टक्. एवढी दाद अण्णांना आठवडाभर पुरायची.

त्या गुरुवारी, चैत्रात, अण्णांनी भीमपलास मांडला होता. ऊन मी म्हणत होतं. ओळ समेकडं निघाली, अजून दोन मात्रा बाकी होत्या, आणि खांबाकडून ऐकू आलं, "आहा."

कालिंदीचं बोट तांदळात थबकलं. आधी? सरकारांची दाद आधी कशी आली? आणि टक् झालंच नाही. तिनं वर पाहिलं. मागाहून सम आली. हंबीरराव खांबाला टेकले होते, डोळे मिटलेले, चेहरा शांत. अण्णा रंगात आले होते, पुढं गात राहिले. गाणं संपल्यावर आकाराम पाया पडायला गेला आणि तिथंच गुडघ्यावर बसून राहिला.

मग एकच धावपळ झाली. टांगा आला, माणसं आली, सरकारांना नेलं. अंगठी निघाली नाहीच, तशीच नेली. सगळं पांगल्यावर आकाराम तबल्यावर खोळ चढवताना हळूच म्हणाला, "अण्णा, भैरवी ऱ्हायली."

मैफल भैरवीनं संपवायची असते. भैरवी झाली की गवयानं तंबोरा खाली ठेवायचा आणि ऐकणाऱ्यानं उठायचं. त्या दिवशी ती राहिली. पण घरात माणूस गेलेलं असताना भैरवीचं कुणाला सुचणार होतं?

३

तेरावं झालं आणि पुढच्या गुरुवारी अण्णा पुन्हा गायला बसले. खांबाशी कुणी नव्हतं. अण्णांचं गाणं पडेल पडेल असं चाललं होतं. कालिंदी खाली मान घालून तांदूळ निवडत होती. ओळ समेकडं वळली.

"आहा."

दोन मात्रा. मग सम.

अण्णांचा आवाज एकाएकी उजळला. आकारामनं नवलानं त्यांच्याकडं पाहिलं आणि ठेका सावरला. कालिंदीनं निवडलेला खडा पुन्हा ताटातच टाकला.

ती काही भोळीभाबडी बाई नव्हती. नारळावर हळदकुंकू वाहून मोकळी होणारी तर मुळीच नव्हती. पाल असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण पाल चुकचुकते, आहा म्हणत नाही. मग लाकूड असेल. उन्हानं खांब तापतो, तापला की बोलतो. बरं, बोलतो तर बोलतो, पण दर वेळी समेच्या बरोबर दोन मात्रा आधी? खांबाला काय कळणार ख्याल! माणसांना कळत नाही इथं. मग तिनं शेवटचा उपाय केला आणि आपल्याच कानांवर आळ घेतला. अठरा वर्षं सरकारांचा आवाज ऐकला, तो कानांत बसलाय, झालं.

दुसऱ्या दिवशी अण्णा गायला बसायच्या आधी तिनं कापसाचे बोळे तेलात भिजवून कानांत घट्ट घातले. तंबोरा दूर गेला. अण्णांचा आवाज विहिरीतून यावा तसा यायला लागला. बरं वाटलं तिला. आणि मग त्या सगळ्या दबलेल्या आवाजांच्या वर, अगदी जवळ, जसंच्या तसं ऐकू आलं, "आहा."

तिनं बोळे काढून चुलीत टाकले.

अंगठी मात्र एकदाही वाजली नाही. तिनं वाट पाहून पाहिली. आहा व्हायचं, टक् व्हायचं नाही. काठी इथं नाही म्हणून असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. समजूत घालायला माणसाला काहीही चालतं.

४

धोंडुबाईचा गोठा गल्लीच्या टोकाला होता. माहेर कोडोलीचं, आवाज असा की तिनं नुसतं 'दूध' म्हटलं तरी कालिंदीच्या कानात ठणका लागे. चारच्या सुमाराला ती आली. अण्णा नुकतेच गाणं आटोपून परसात तोंड धुवायला गेले होते.

"ओ वैनी, कवापासनं हाका मारालोय! भांडं आणा की." असं म्हणत ती बाहेरच्या खोलीत शिरली आणि कंबर टेकायला खांबाशी बसली. बसली तशी उठलीच.

"हितनं आत्ता कोण उठून गेलं व्हय?"

"कुणी नाही. का हो?"

"न्हाय कसं? जागा ऊन हाय की." तिनं वाकून सतरंजीवर तळहात ठेवला. "म्हशीची बसलेली जागा मी हातानं वळखतो, वैनी. हितं माणूस बसलंतं. लई येळ."

"ऊन पडलं असेल खिडकीतून."

धोंडुबाईनं खिडकीकडं पाहिलं. खिडकी दुसऱ्या भिंतीला होती. तिनं दूध मापलं आणि पुढं एक शब्द न बोलता गेली. ही बाई गप्प राहून जाते म्हणजे पाणी मुरतंय, एवढं कुणालाही कळलं असतं. त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत आली नाही. मागच्या दारानं दूध द्यायला लागली.

संध्याकाळी जेवताना अण्णांनीच विषय काढला. ताटातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "तुला ऐकू येतं ना?"

कालिंदीनं त्यांच्या ताटात भात वाढला.

"मला ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले, "पण कळतं. पाठीवर कुणी हात ठेवावा तसं. ओळ कुठं न्यायची ते मला सुचायच्या आधी त्याला आवडलेलं असतं. मग मी तिथंच नेतो. काय सांगू तुला, पंचवीस वर्षांत असं गायलो नव्हतो मी!" आणि त्यांना ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला. उपरण्यानं तोंड पुसून त्यांनी ते झटकन मांडीखाली सारलं, पण कालिंदीनं त्यावरचा लाल ठिपका पाहिला होता.

५

डॉक्टरांनी मिरजेहून छातीचा फोटो काढून आणायला लावला. तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाले, "इंगळीकर, एक वर्ष गाणं बंद. बोलणंसुद्धा कमी. ऐकलं नाहीत तर पुढचं मला विचारू नका."

अण्णांनी मान डोलावली, औषधाची बाटली घेतली, घरी आले आणि तीन वाजता तंबोरा खाली काढला.

कालिंदी मध्ये उभी राहिली. अठरा वर्षांत ती कधी अशी उभी राहिली नव्हती.

"अहो, जीव नकोसा झालाय का तुम्हाला?"

"थोडंच गातो."

"मग एकच करा. भैरवी म्हणा. त्या दिवशी राहिली ती. सरकार अडकलेत इथं. त्यांना निरोप द्या आणि मग खुशाल तंबोरा ठेवा."

अण्णा तारेला पीळ देत राहिले. "भैरवी म्हटली की ऐकणारा उठतो."

"म्हणूनच म्हणते."

"मला उभ्या जन्मात एक ऐकणारा मिळालाय. त्याला मी ऊठ म्हणू?"

"एक?" कालिंदीचा आवाज चिरकला. "आणि मी हो? मी अठरा वर्षं इथं बसून काय करते, तांदूळ निवडते?"

अण्णा ओशाळले. पण बोलायचं ते बोललेच. "तुला चुकतं ते ऐकू येतं, कालिंदी. त्याला बरोबर येतं ते ऐकू येतं."

हे शब्द तिच्या काळजात रुतले. रागानं तिला रडूही येईना. ती उंबऱ्यात जाऊन बसली, ताट पुढ्यात ओढलं, आणि त्या दिवशी तार उतरली तरी टिचकी मारली नाही.

अर्ध्या तासानं अण्णा दमून थांबले. तंबोरा भिंतीला टेकवला, तांब्या तोंडाला लावला. खोलीत कुणी गात नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. आणि खांबाशी श्वास आत ओढला गेला.

"आहा."

कशाला? कालिंदीनं चहूकडं पाहिलं. एक, दोन...

तंबोऱ्याची तार खाडकन तुटली. अण्णांच्या हातून तांब्या पडला, पाणी सतरंजीवर पसरलं.

"उन्हानं तुटली," अण्णा म्हणाले.

कालिंदी बसली तिथंच बसून राहिली. ती दाद गाण्यासाठी नव्हतीच तर. पुढं जो कुठला आवाज यायचा, तो त्याला आधी ऐकू येत होता आणि आवडत होता. मग चैत्रातल्या त्या गुरुवारची दाद? ती तरी अण्णांच्या समेसाठी होती का? त्या वेळी खोलीत आणखी एक आवाज झाला असणार, म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा श्वास, इतका बारीक की तिलासुद्धा ऐकू आला नव्हता. कुणाला तरी तो आधीच ऐकू आला होता, आणि त्यानं तो वाखाणलाही होता.

६

पुढच्या गुरुवारी तिनं ताट चिंचेनं घासून लख्ख केलं. कशासाठी, ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही. आकाराम आला. त्याला अण्णांच्या छातीचं कळलं होतं. "अण्णा, मी वाजवायचा न्हाय," म्हणून तो थोडा वेळ हटून बसला. पण अण्णांनी एकट्यानंच सुरुवात केली, तेव्हा बिचाऱ्यानं डोळे पुसत तबला जवळ घेतला.

कालिंदीनं मूठभर तांदूळ एका कडेला सारले आणि खडे पाहावेत तसं ताट जरा कलतं धरलं. पितळेत खोली पिवळी, वाकडी दिसत होती. अण्णांची पाठ. तबला. मग खांब.

खांबाशी मांडी घातलेला एक गुडघा होता, आणि गुडघ्यावर हात.

एवढंच दिसत होतं, बाकीचं ताटाच्या काठाबाहेर होतं. ताट आणखी कलतं करायची तिची छाती झाली नाही. हाताचं एक एक बोट उचलत होतं आणि टेकत होतं. ताल धरलाय, तिला वाटलं, सरकार ताल धरायचे तसा. पण आकारामचा ठेका एकीकडं होता आणि ती बोटं दुसरीकडं. ती कशावर चालली आहेत? कालिंदीनं कान लावले, आणि ऐकू आलं ते अण्णांच्या छातीतलं. घरघर. श्वास आत, एक बोट वर. श्वास बाहेर, बोट खाली. तान घ्यायला अण्णांनी दम रोखला तेव्हा बोटही वरच्या वर थांबलं. वाट पाहत.

उजवा हात होता तो. लांब, सडसडीत बोटं. कुठलंही पेर सुजलेलं नव्हतं. अंगठी नव्हती.

ताट तिच्या हातून निसटलं, तांदूळ घरभर झाले. तिनं खांबाकडं पाहिलं. सतरंजीची एक सुरकुती, बाकी काही नाही.

आकाराम गेल्यावर तिनं अण्णांना हात जोडून सांगितलं. "ते सरकार नाहीत हो. सरकार त्या दिवशीच गेले. हा दुसराच कुणीतरी आहे. त्या दिवशीपण हाच होता."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. त्यांनी उपरण्यानं घाम पुसला.

"कोण का असेना," ते म्हणाले. "ऐकतो ना?"

७

दोनच दिवसांनी सकाळी अण्णांना मोठी उलटी झाली. तस्त लाल झालं. डॉक्टर आले, सुई टोचली, अंथरुणातून हलायचं नाही म्हणून ताकीद देऊन गेले. ताकीद द्यायची गरजच नव्हती. अण्णांना मान उचलवत नव्हती.

तीन वाजले. कालिंदी मधल्या खोलीत त्यांच्या उशाशी वारा घालत बसली होती. बाहेरच्या खोलीत तंबोरा खुंटीवर, सतरंजी अंथरलेली तशीच. घर गप्प होतं. तिला अण्णांचा श्वास ऐकू येत होता, माठ पाझरत होता तो ऐकू येत होता, आणि मग बाहेर सतरंजी घासल्याचा आवाज झाला. बसून बसून अवघडलेलं माणूस मांडी मोडतं तसा. मग गुडघा वाजला. कुणीतरी उठलं होतं. गाणं आपल्याकडं येत नाही, तर आपण गाण्याकडं जावं, असा हिशेब असावा. पाऊल पडलं, एक. मग दुसरं, मधल्या खोलीच्या दाराकडं.

कालिंदी अशी उठली की पंखा कुठं पडला ते तिला कळलं नाही. दार ओलांडून ती बाहेर आली, खुंटीवरचा तंबोरा ओढला आणि सतरंजीवर बसली. खांबाकडं न बघता म्हणाली, "बसा."

ती जन्मात गायली नव्हती. पाळण्यापुढं गायची वेळ देवानं आणली नाही, आणि एरवी साधं गुणगुणलं तरी तिचा आवाज तिच्याच कवटीत असा घुमायचा की दोन दिवस डोकं दुखायचं. पण अठरा वर्षं जे अंगात शिरलं होतं ते जाणार कुठं? तिनं तोंड उघडलं आणि भीमपलास बाहेर आला. अण्णांचाच, पण अण्णांच्या चुका वगळून. प्रत्येक सूर तिच्या दातांच्या मुळाशी लागत होता. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. हातानं ताल धरून तिनं ओळ समेकडं नेली.

"आहा."

तो बसला होता.

त्या दिवसापासून रोज तीनला कालिंदी गायची. तासभर. त्यानंतर कपाळाला सुंठ उगाळून लावायची आणि अंधार करून पडून राहायची. आकारामला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. धोंडुबाई मागच्या दारात दुधाचं भांडं ठेवून विचारायची, "वैनी, बरं हाय न्हवं सगळं?" बरं होतं. खरंच बरं होतं! अण्णांचा ताप उतरला. महिन्यानं ते उठून बसले, ताकभात मागून खाऊ लागले, गालांवर मांस आलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही यांना मरणाच्या दारातून ओढून काढलंत." कालिंदीनं हातातली औषधाची पिशवी तेवढी घट्ट धरली.

अण्णा मात्र तिच्या गाण्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. एकदाच, ती कपाळाला सुंठ लावत असताना, त्यांनी विचारलं, "तुला देतो ना दाद?"

"देतो."

अण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या वेळी तिला त्यांची इतकी कीव आली की वाटलं खोटं बोलायला हवं होतं.

८

भाद्रपद संपता संपता दुसरा फोटो आला. डाग वाळला होता. कालिंदीनं मनाशी ठरवलं, आता पुरे. हा कोण का असेना, बसला आहे तो मैफलीत, आणि मैफलीचा नियम सगळ्यांना सारखा. भैरवी झाली की उठायचं.

अण्णांना तिनं काही सांगितलं नाही. त्यांना चारला औषधाबरोबर गरम दूध लागे, ते पातेलं मंद शेगडीवर ठेवलं. अण्णा मधल्या खोलीत पडून होते. "आज कोणता राग?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बघू." आणि जाता जाता त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

तंबोरा जुळवून तिनं भैरवीचा पहिला सूर लावला. दुपारी तीनला भैरवी! आत अण्णांची कूस वळल्याचं तिला ऐकू आलं. त्यांना कळलं होतं. ती थांबली नाही. भैरवीचे ते कोवळे सूर तिला सगळ्यांत जास्त लागत, पण आज ती मुद्दाम एकेकावर रेंगाळली. ऊठ बाबा, असं ती मनात म्हणत होती. ऐकलंस ना? पोट भरलं ना? आता ऊठ.

पहिली सम आली. खांबाकडून काही नाही.

दुसरी आली. काही नाही. सतरंजी हलली नाही, श्वास ओढला गेला नाही. गेला! गेला खरंच. तिनं सगळा धीर एकवटून खांबाकडं सरळ पाहिलं. नुसता खांब होता. शेवटची ओळ म्हणायची, तंबोरा खाली ठेवायचा, आणि आत जाऊन अण्णांना दूध द्यायचं.

ती शेवटच्या ओळीकडं वळली.

"आहा."

मधल्या खोलीतून. पलंगाच्या उशाशी वाकून म्हणावं, तितकं हळू.

ओळ तिच्या तोंडात तशीच चालू राहिली, कारण थांबवणं तिला जमलं नाही. आता आत आवाज होणार होता. कुठला, ते त्याला ऐकू येऊन गेलं होतं, आणि पसंतही पडलं होतं. दोन मात्रांनी तो होणार होता, कितीही बारीक असला तरी. आणि अख्ख्या कोल्हापुरात तो कुणाला ऐकू येणार असेल, तर फक्त तिला.

एक.

कालिंदीनं डोळे गच्च मिटले, तंबोऱ्यावर हात आपटला आणि छाती फुटेल एवढ्या जोरानं वरचा षड्ज लावला. ताशानं चक्कर येऊन पडलेली ती बाई, स्वतःच्या आवाजानं स्वतःचे कान भरत राहिली. सूर टाळूतून गेला, डोक्यातून गेला, खिडकीच्या तावदानातून बाहेर गेला. दम संपला की ती पुन्हा तोच लावत होती. ओळ संपवत नव्हती, समेवर येत नव्हती. भैरवी संपू द्यायची नव्हती तिला. संपली की गप्प व्हायला लागणार, आणि गप्प झाली की ऐकू येणार.

मागच्या दारात धोंडुबाई भांडं आपटून ओरडत होती. "ओ वैनी! ऐकू येत न्हाय व्हय? दूध उतू गेलं की वो सगळं!"

करपल्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात दूध उतू गेलं होतं, आणि कालिंदी गात होती.